गोंद वाळत नाही तेव्हा: कोकणातल्या पहिलीच्या पहिल्या आठवड्याचं हस्तकाम

कोकणात जूनमध्ये गोंद वाळत नाही. सकाळी चिकटवलेलं चित्र शाळा सुटताना उचललं तर तुकडे घसरतात, दुसऱ्या दिवशी कागद कडेने वळलेला असतो आणि चौथ्या दिवशी मैद्याच्या खळीवर बुरशीचे काळे ठिपके आलेले असतात. मिरग, म्हणजे मृग नक्षत्र, 7 जूनच्या आसपास लागतो, शाळा 15 जूनला उघडते. म्हणजे पहिलीची मुलं वर्गात पाऊल टाकतात तेव्हा पडवीत छत्र्या गळत असतात आणि भिंतींना ओल आलेली असते. हस्तकामाचे बहुतेक व्हिडिओ कोरड्या हवेत बनवलेले असतात. ते पाहून, रंग-गोंद घेऊन रत्नागिरी-सिंधुदुर्गात पहिल्यांदा रुजू झालेला शिक्षक दोन दिवसांत वैतागतो, आणि मुलं त्याच्याही आधी.

म्हणून पहिल्या आठवड्यापुरता एकच नियम: जे वाळावं लागतं ते करायचं नाही. घडी, खाच, वीण, टोचणी आणि घासणं एवढ्यावर आठवडा आरामात निघतो. पुढे दिलेल्या एकाही कामाला गोंद लागत नाही.

दुसरी गोष्ट म्हणजे या आठवड्यातलं हस्तकाम घरी न्यायच्या वस्तूसाठी नसतं. तुम्हाला मुलांचे हात ओळखायचे असतात. डावखुरं कोण, कात्री कधीच न धरलेलं कोण, खडू दाबताना कोणाच्या बोटात जोर नाही, स्वतःचं नाव लिहिलेलं पाहून कोण ओळखतं आणि कोण शेजारच्याचं उचलतं, हे कागदाच्या पट्टीशी खेळताना अर्ध्या तासात कळतं. त्यामुळे वाकडी झालेली वस्तू सरळ करून देऊ नका. ती वाकडी का झाली ते वहीत टिपून ठेवा.

आधी काय जमवायचं

पट, म्हणजे वर्गातल्या मुलांची संख्या, 20 धरून हिशेब असा. ए-फोर आकाराचे 70 किंवा 75 जीएसएमचे (हा आकडा जितका मोठा तितका कागद जाड) पांढरे कागद 100, त्याच जाडीचे रंगीत 15, कार्डशीट (180 ते 200 जीएसएम) ए-फोर मापाच्या 10, मेणखडूंच्या 4 पेट्या, साध्या पांढऱ्या मेणबत्त्या 5, गोल टोकाच्या कात्र्या 10, न पुसणारा काळा मार्कर 1, कपड्यांचे चिमटे 40 आणि जुनी वर्तमानपत्रं. घोटीव कागद आणि पताकेचा कागद आत्ता घेऊ नका. ओल्या हाताने धरला की पताकेच्या कागदाचा रंग सुटतो आणि तो थेट नव्या गणवेशावर जातो.

कात्र्यांपैकी एक तरी डावखुऱ्या हाताची असावी. नेहमीची कात्री डाव्या हातात धरली की पाती एकमेकांपासून दूर ढकलली जातात आणि कागद कापला न जाता मध्ये दुमडतो. मुलाला कात्री येत नाही असा शिक्का मारण्याआधी एवढं तपासा. खाऱ्या हवेत कात्रीच्या खिळ्याशी लवकर गंज धरतो. काम झालं की पाती कोरड्या फडक्याने पुसून खिळ्यावर खोबरेल तेलाचा एक थेंब सोडावा.

कागदाचं बंडल सगळं एकदम फोडू नका. उघडा राहिलेला कागद हवेतला ओलावा ओढतो, मऊ पडतो आणि त्याची घडी धारदार बसत नाही. त्या दिवसापुरते कागद काढून बाकीचे प्लास्टिकच्या पिशवीत गाठ मारून, शक्य तर पत्र्याच्या पेटीत ठेवावेत. पेटी भिंतीला टेकवू नका. खाली दोन विटा घाला.

कागदाला उभा-आडवा धागा असतो, तोही पाहून घ्या. कोरा कागद आधी लांबीकडून आणि मग रुंदीकडून हलका वाकवून पाहा. ज्या बाजूने तो विरोध न करता वाकतो, त्या बाकाला समांतर धागा. झेरॉक्सच्या ए-फोर कागदाचा धागा बहुतेक वेळा लांबीच्या दिशेने असतो. त्यामुळे लांबीतून कापलेल्या पट्ट्या ताठ राहतात आणि रुंदीतून कापलेल्या छान गोल वळतात. पुढच्या दोन कामांत या दोन्हींचा उपयोग आहे.

बाकीचं सामान गावातच मिळतं: नारळाच्या पाती, फणसाची पानं, तिसऱ्यांच्या (खायच्या शिंपल्यांची एक जात) शिंपल्या, फाटक्या जाळ्याचा तुकडा. मुलांना मात्र यातलं काही 'घेऊन या' म्हणून सांगू नका, निदान पहिल्या दिवशी तरी. सहा वर्षांच्या मुलाला शिंपले आणायला सांगितले की ते पुळणीवर, म्हणजे समुद्राकाठच्या वाळूत, जातं, आणि जूनचा समुद्र मुलांसाठी नाही. शिंपल्या स्वयंपाकघरातल्या घ्याव्यात.

वर्गात येऊ द्यायच्या नाहीत अशा वस्तू दोन. कच्च्या काजूबिया, कारण टरफलातल्या तेलाने कातडी भाजते आणि फोड येतात. मुलं त्या खिशातून आणतात आणि दगडाने फोडतात, म्हणून पहिल्याच दिवशी स्पष्ट सांगा. दुसरी, ओले बाठे, म्हणजे आंब्याच्या कोयी. रायवळ आंब्याच्या केसाळ बाठ्याची बाहुली सुरेख होते, पण बाठा मे महिन्याच्या उन्हात कडकडीत वाळलेला हवा. आत्ता खाऊन धुतलेला बाठा आठ दिवसांत बुरशीने पांढरा होतो.

हजेरीची शिंपली

पहिल्या दिवशी रडणारं मूल असतं, रडणाऱ्याकडे बघून रडणारं दुसरं असतं, आणि आईचा पदर न सोडणारं तिसरं. अशा वेळी समजावून सांगण्यापेक्षा हातात काहीतरी ठेवणं बरं. तिसरीची शिंपली त्यासाठी उत्तम: गार, गुळगुळीत, मुठीत मावणारी. ती वळत नाही, फाटत नाही, तिला बुरशी येत नाही.

मुलामागे एक आणि वर पाच जास्तीच्या अशा शिंपल्या घ्या, तीन-चार सेंटिमीटर रुंदीच्या. आतला मांसाचा कण ब्रशने काढून पाण्यात दहा मिनिटं उकळा, साबणाने धुवा, पंख्याखाली रात्रभर ठेवा. मांसाचा कण राहिला तर दुसऱ्या दिवशी वर्गात वास आणि मुंग्या, दोन्ही येतात. धारदार कड जांभ्या दगडावर चार वेळा घासली की बोथट होते. आतल्या पांढऱ्या बाजूला मार्करने मुलाचं हाकेचं नाव लिहा. आडनाव नको, जागा पुरत नाही. बाहेरच्या बाजूला मुलाने स्वतः मेणखडूने एक खूण काढायची: फुली, गोल, उभी रेघ, काहीही. मेणखडू शिंपलीच्या उंचसखल रेघांवर छान उठतो.

मग दारात दोन टोपल्या. सकाळी येताना आपली शिंपली 'घर' टोपलीतून काढून 'शाळा' टोपलीत टाकायची, जाताना उलट. चार दिवसांत बहुतेक मुलं खूण न पाहता नाव पाहून शिंपली उचलतात. जी अजून खूण शोधतात, त्यांची नावं टिपून ठेवा. ज्या घरी मासळी चालत नाही, तिथल्या पालकांना आधी विचारा. हरकत असेल तर एकट्याच मुलाला वेगळं न काढता सगळ्या वर्गालाच कार्डशीटच्या गोल चकत्या द्या. चकती गोलच कापावी, कारण ओल्या हवेत कार्डाचे कोपरे आधी फुगतात आणि सुटतात. सावंतवाडीच्या गंजिफा, म्हणजे हाताने रंगवलेले खेळायचे पत्ते, गोल असतात. एखादं चित्र मिळालं तर मुलांना जरूर दाखवा.

पट्टीचा मासा

हे पहिल्या दिवसाचं खरं काम. दोन खाचांत बसतं, उडतंही.

रंगीत कागद आडवा धरून रुंदीतून 3 सेंटिमीटरच्या पट्ट्या कापा. ए-फोरमधून 21 सेंटिमीटर लांबीच्या 9 पट्ट्या निघतात. प्रत्येकाला दोन धरल्या तर 20 मुलांना पाच कागद पुरतात. पट्ट्या तुम्हीच कापून न्यायच्या.

एका टोकापासून 2 सेंटिमीटर सोडून वरच्या कडेने निम्म्या रुंदीपर्यंत, म्हणजे दीड सेंटिमीटर, सरळ खाच मारा. दुसऱ्या टोकापासून 2 सेंटिमीटर सोडून तशीच खाच, पण खालच्या कडेने. आता पट्टी वाकवून दोन खाचा एकमेकींत अडकवा. पुढे गोल डोकं, मागे दुभंगलेली शेपटी.

नव्वद टक्के वेळा जे चुकतं ते असं: दोन्ही खाचा एकाच कडेने मारल्या जातात. मग टोकं अडकत नाहीत, मूल जोर लावतं आणि पट्टी फाटते. यावर उपाय म्हणून खाचेच्या जागी आधी पेन्सिलने रेघ मारून द्या आणि रेघेच्या सुरुवातीला ठिपका काढा. कात्री ठिपक्यापासून सुरू करायची आणि रेघ संपली की थांबायची. थांबणं हेच या वयाला अवघड असतं. कात्री पूर्ण मिटली तर पट्टीचे दोन तुकडे होतात. पातीचं टोक नव्हे तर मधला भाग वापरायला सांगा आणि पहिल्यांदा एका वर्तमानपत्राच्या पट्टीवर नुसत्या खाचा मारायचा सराव घ्या. अंगठा वर, आकाशाकडे. कोपर अंगाला चिकटलेलं.

नाव कुठे लिहायचं यातही एक खोच आहे. पट्टीच्या बरोबर मधोमध लिहिलं तर ते माशाच्या नाकावर येऊन दुमडतं. मध्याच्या एका बाजूला सहा सेंटिमीटरात नाव, दुसऱ्या बाजूला तीच शिंपलीवरची खूण. डोळे दोन्हीकडे. रंगवायला मेणखडूच द्या. मासा कसा दिसतो ते मात्र समुद्राकाठच्या मुलांना शिकवायला जाऊ नका. बांगड्याच्या पाठीवरच्या काळ्या रेघा कोणत्या बाजूला आणि पापलेटची शेपटी कशी दुभंगलेली, हे तीच तुम्हाला सांगतील, आणि पहिल्या दिवशी मुलाला बोलतं करायला याहून चांगला विषय नाही. आतल्या गावांतल्या मुलांना पऱ्यातला (ओढ्यातला) मासा चालतो.

मासा डोक्याच्या उंचीवरून सोडला की गरगरत खाली येतो. वाकवताना कागदाला घट्ट चुणी पडली असेल तर तो गरगरत नाही, नुसता पडतो. दोन्ही मासे सोडून बघायचे, कोणता जास्त फिरतो ते सांगायचं. नंतर एक वर्गात, एक घरी.

वर्गातले मासे लावायला जाळ्याचा तुकडा मिळाला तर बहार येते. 1 जून ते 31 जुलै यांत्रिक मासेमारी बंद असल्याने होड्या वर ओढलेल्या असतात आणि जाळी दुरुस्तीला निघालेली असतात. बंदराच्या गावात दोन हात लांबीचा फाटका तुकडा कोणीही देतं. तो गोड्या पाण्यात दोनदा भिजवून धुवा. नायलॉन स्वतः फारसं पाणी धरत नाही, पण त्यात अडकलेलं मीठ धरतं, आणि न धुतलेलं जाळं पावसाळाभर चिकट ओलं राहतं. जाळं भिंतीपासून वीतभर पुढे, खिळ्याला सुतळी बांधून ताणून लावा. लोंबणारा फास राहू देऊ नका. मासे चिमट्याने अडकवा. चुन्याच्या भिंतीला चिकटपट्टी लावायच्या भानगडीत पडू नका. ती रात्रीत सुटते आणि सोबत चुन्याचा पापुद्राही आणते.

चौघांची चौकडी

दुसऱ्या दिवशी मुलांना एकमेकांची नावं माहीत व्हायला हवीत. त्यासाठी हे काम चौघांचं आहे, एकट्याला ते करताच येत नाही.

कागदाच्या लांबीतून 3 सेंटिमीटरच्या पट्ट्या कापा. ए-फोरची रुंदी 21 सेंटिमीटर, म्हणजे बरोबर 7 पट्ट्या, काही वाया जात नाही. चार रंग घ्या. प्रत्येक मुलाने आपली पट्टी मधोमध दुमडून नखाने घडी पक्की करायची आणि उघड्या टोकाकडे नाव लिहायचं. दुमडलेल्या पट्टीला दोन पाय असतात आणि घडीच्या आत पोकळी असते, हे आधी सगळ्यांना दाखवा.

पहिलं मूल आपली पट्टी आडवी धरतं. दुसरं आपल्या पट्टीचे दोन पाय पहिलीच्या वरून-खालून घालतं, म्हणजे पहिली दुसरीच्या पोटात जाते. तिसरं तसंच दुसरीवर बसवतं. चौथं तिसरीवर बसवतं आणि आपले दोन्ही पाय पहिलीच्या पोकळीतून बाहेर काढतं. आता चौघांनी आपापली टोकं हळूहळू ओढायची. मध्ये चौकोनी गाठ बसते आणि चार हात चार दिशांना जातात.

इथे जे फसतं ते नेहमी चौथ्यापाशी फसतं. त्याचे पाय पहिलीच्या पोकळीत न जाता तिच्या वरून जातात. ओढल्यावर सगळं सुटलं तर तेच कारण. एकाने जोरात ओढलं तरी गाठ तिरकी होते. चौघांनी मिळून एक ते पाच मोजत ओढावं. पट 4 च्या पटीत नसेल, समजा 18 असेल, तर दोन गटांत तीनच मुलं राहतात. तिथे चौथी पट्टी तुमची किंवा दुसरीच्या वर्गातल्या ताईची. कोकणातल्या कमी पटाच्या शाळांत पहिली-दुसरी बहुधा एकाच खोलीत बसते, आणि हस्तकामाला ते सोयीचंच आहे. दुसरीच्या प्रत्येक मुलाला पहिलीतलं एक मूल वाटून द्या. फक्त एक अट घाला: सांगायचं, दाखवायचं, पण त्याच्या हातातलं काम आपल्या हातात घ्यायचं नाही.

नारळाच्या पातीची चटई

हातांना सगळ्यात जास्त शिकवणारं काम हेच, आणि इथल्या हवेला शोभणारंही. दमट हवेत कागदाची पट्टी लुळी पडते आणि विणताना अडते. नारळाची ओली पात मात्र ताठ असते, सरसर जाते.

आजूबाजूला कोणी माड साफ करून घेत असेल तर एक हिरवी झावळ मागून घ्या. खालची पिकलेली पिवळी नको, ती वाकवताना चिरते. पातीच्या रुंद टोकाशी ब्लेडने हिराजवळ (पातीच्या मधल्या काडीजवळ) खूण करून हीर ओढून काढा, पातीचे दोन भाग होतात. हे काम मोठ्यांचं. प्रत्येक भाग मधल्या रुंद जागेतून 20 सेंटिमीटरचे तुकडे करून घ्यायचा, रुंदी दीड ते दोन सेंटिमीटर. एका मुलाला 8 तुकडे, 20 मुलांना 160. झावळीच्या एका बाजूच्या पातींत एवढे सहज निघतात. तुकडे ओल्या फडक्याने पुसा. पातीची कड बोटाला कापते, फडक्याने तिच्यावरची कुसं निघून जातात. रात्रभर ठेवायचे असतील तर ओल्या गोणपाटात गुंडाळा. काढलेले हीर फेकू नका, पुढे लागतील.

चौकट कार्डशीटची. ए-फोर कार्डशीट मधून कापून दोन भाग करा, एकेक भाग 21 गुणिले सुमारे 15 सेंटिमीटर. तो पुन्हा दुमडा, म्हणजे 15 सेंटिमीटरची कड घडीची होते. घडीकडून उघड्या कडेकडे चिरा मारायच्या, दोन-दोन सेंटिमीटरवर सहा, आणि उघड्या कडेच्या 2 सेंटिमीटर अलीकडे थांबायचं. थांबायची रेघ आधी आखून ठेवा. उघड्या कडेकडून चिरा मारल्या तर चौकट न होता झालर होते. ही चूक मोठी माणसंही करतात, म्हणून 'जिथे कागद मिटलाय तिथून' असं तीन वेळा म्हणा. पहिलीच्या मुलांना चिरा तुम्हीच मारून द्या, दुसरीची स्वतः मारतील.

चौकट उघडून सपाट ठेवा. पहिली पात खालून, वरून, खालून, वरून. मुलांना 'बुडी, उडी, बुडी, उडी' म्हणत घालायला सांगा. दुसरी ओळ 'उडी'ने सुरू होते. गंमत अशी की प्रत्येक मूल दुसरी ओळही 'बुडी'नेच सुरू करतं, आणि मग तीन-चार पाती घातल्यावर सगळं गठ्ठ्याने एका बाजूला सरकतं. यासाठी चौकटीच्या डाव्या कडेला एक सोडून एक ओळीशी मेणखडूचा ठिपका काढून ठेवा. ठिपका दिसला की उडी. प्रत्येक पात घातल्यावर ती बोटांनी मागच्या पातीला भिडवायची. हे विसरलं तर आठऐवजी पाचच पाती मावतात.

दोन दिवसांत पाती सुकून अरुंद होतात आणि चटईत फटी पडतात. त्याला इलाज नाही, पण ती संधी आहे. तिसऱ्या दिवशी पाती पुन्हा सरकवून फटीत नववी पात घालायला लावा. पहिल्या दिवशी ज्याला जमलं नव्हतं त्याला आता जमतं, कारण वीण समोर तयार असते.

कागदाची होडी, मेण लावून

होडी सगळ्यांना येते असं सगळ्यांना वाटतं. पहिलीतल्या मुलाला ती टोपीपर्यंत येते, आणि तिथवर पुरेसं आहे. ए-फोर कागदाची वरची कड खालच्या कडेवर आणून मधोमध दुमडा, घडी वर. घडीचे दोन कोपरे मध्यरेषेवर उतरवा. खाली उरलेली पट्टी एका बाजूने वर, दुसऱ्या बाजूने वर. झाली टोपी. इथून टोपीचं पोट उघडून ती आडवी दाबायची म्हणजे चौकोन होतो, खालची दोन्ही टोकं वर दुमडायची म्हणजे त्रिकोण, त्रिकोणाचं पोट पुन्हा उघडून चौकोन, आणि शेवटी वरचे दोन कान धरून बाजूला ओढायचे. चौकोन करताना पट्ट्यांचे कोपरे एकमेकांखाली खोचले नाहीत तर होडीची बाजू उघडी राहते. कान ओढताना कागद बुडाशी फाटतो, तेव्हा एका हाताने मधला सुळका सैल करत दुसऱ्याने ओढावं.

खरं काम पुढे आहे. प्रत्येकाला दोन कागद द्या. एक तसाच, दुसऱ्यावर दुमडण्याआधी दोन्ही बाजूंनी मेणबत्ती घासायची. एका मेणबत्तीचे चार तुकडे केले की चौघांना पुरते, वात काढून टाका. कागद तिरका धरून उजेडात पाहिला की जिथे मेण लागलं नाही ती जागा मळकट दिसते. घड्यांच्या रेषांवर दुसऱ्यांदा घासायचं, पाणी तिथूनच शिरतं. मेण लावलेला कागद नखाने दुमडताना मेण तडकतं, म्हणून होडी झाल्यावर बुडाशी पुन्हा एकदा हात फिरवायचा.

पडवीत घमेल्यात पागोळीचं पाणी धरा आणि दोन्ही होड्या सोडा. कोरी होडी आधी बुडाशी काळवंडते, मग कलते. मेणाची टिकते. दोन्हींत चिंचोके एकेक टाकत मोजा. मोजणी आपोआप होते. घमेलं सोडून पऱ्याकडे, गटाराकडे किंवा विहिरीकडे होडी न्यायची नाही, हे खेळ सुरू होण्याआधी सांगा, नंतर कोणी ऐकत नाही. मधल्या सुट्टीनंतर होड्या हरवलेल्या चालतील, मुलं हरवलेली नाही.

फणसाच्या पानांचा मुकुट, आणि उरलेल्या वेळेचं थोडं

सहा वर्षांच्या मुलाच्या डोक्याचा घेर 50 ते 52 सेंटिमीटर असतो. फणसाचं हातभर नव्हे, बोटभर लांबीचं पान घ्या, निबर आणि गडद हिरवं. मुकुटाला सात-आठ लागतात. पानं आदल्या संध्याकाळी तोडा, देठ कापून धुवा आणि पुसून ठेवा. तोडल्या तोडल्या वापरली तर देठातला चीक बोटांना, केसांना आणि गणवेशाला लागतो. लागलाच तर पाण्याने चोळू नका, तो पसरतो. खोबरेल तेल लावून पुसला की सुटतो.

एका पानाचा तिसरा भाग दुसऱ्यावर चढवून 4 सेंटिमीटरच्या हिराने टाका घालावा तसं दोनदा टोचायचं: खाली, वर. टोचणी शिरेच्या आडवी हवी. शिरेला समांतर टोचली तर पान चिरत जातं. टोचायचं काम दुसरीच्या मुलांनी, पान धरायचं आणि मोजायचं काम पहिलीच्यांनी. हिराचं टोक मुकुटाच्या बाहेरच्या बाजूला राहील हे तुम्ही स्वतः प्रत्येक मुकुटावर पाहा. शेवटची जोडणी डोक्यावर माप घेऊन, दोन बोटं सैल.

उरलेल्या पानांचं घासचित्र करा. पान पालथं ठेवायचं म्हणजे शिरा वर येतात, त्यावर पातळ कागद, आणि मेणखडू आडवा धरून हलक्या हाताने घासायचा. पान ओलं असेल तर कागद फाटतो. कागद सरकला तर दोन पानं उमटतात, म्हणून एका कडेला चिमटा लावा. जास्वंदीची लाल पाकळी कागदावर चोळून जांभळट डाग पाडायचा आणि त्यावर लिंबाचा एक थेंब टाकायचा, डाग गुलाबी होतो. साबणाच्या पाण्याचा थेंब टाकला तर हिरवट. पाच मिनिटांचा खेळ आहे. वीज गेली आणि कात्री वापरण्याइतका उजेड नसला की खिडकीशी बसून हा घ्यावा.

पालकांना काहीतरी 'चिकटवलेलं' हवंच असेल, तर श्रावणात ऊन पडू लागल्यावर खळ करा: चार मोठे चमचे मैदा एक वाटी गार पाण्यात गुठळ्या न ठेवता कालवायचा, दोन वाट्या उकळत्या पाण्यात ओतून मंद आचेवर पाच मिनिटं ढवळायचा, उतरवताना अर्धा चमचा तुरटीची पूड. दोन दिवस टिकते. जुने बायंडर खळीत मोरचूद घालतात, ते विषारी आहे, मुलांच्या खळीत घालायचं नाही. आणि खळीचा डबा रात्री वर्गात ठेवायचा नाही. सकाळी झाकण बाजूला पडलेलं असतं आणि झुरळं आत.